पाठीवरचे रंग आणि तळव्यावरची रेघ: फिलिडिया व्हॅरिकोसा कशी ओळखायची?

तुम्ही फोटोंसोबत पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा: एकाच प्रवाळभिंतीवर, दहा ते अठरा मीटर खोलीत, दोन दिवसांच्या डुबकीत चार समुद्री गोगलगायी दिसल्या. चारही अंगांवर काळा, निळसर करडा आणि पिवळा हेच रंग, मांडणी मात्र निराळी. पहिली सुमारे आठ सेंटिमीटर लांब, पाठीवर पाच उभे उंचवटे आणि त्यांवर पिवळ्या गाठी. दुसरी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर, तीनच उंचवटे. तिसरी गुलाबीकडे झुकणारी, उंचवटे नाहीत, सुट्या सुट्या गाठी. चौथी इवलीशी, पांढरट निळी, काळ्या रेघांची, अंगावर पिवळी टोके. दोन मार्गदर्शक पुस्तके उघडली तर तीन वेगवेगळी नावे निघाली. मग ही सगळी फिलिडिया व्हॅरिकोसाचीच रंगरूपे मानायची, की या चार प्रजाती आहेत?

उत्तर आधी सांगतो, कारणे मागून. या चार चित्रांत माझ्या मते फिलिडियाच्या तीन प्रजाती आहेत, आणि चौथा प्राणी गोगलगायच नाही. पहिलीबद्दल आणि तिसरीबद्दल मला शंका नाही. दुसरीबद्दल थोडी आहे, आणि ती का आहे हेच या उत्तरात सर्वांत कामाचे ठरेल.

शब्दांचा घोळ नको म्हणून एक खुलासा. मराठी पाठ्यपुस्तकांत ‘प्रजाती’ हा शब्द कधी स्पीशीजसाठी येतो, कधी जीनससाठी. मी इथे स्पीशीजला प्रजाती आणि जीनसला वंश म्हणतो आहे.

फिलिडिया हा मृदुकाय संघातल्या उदरपाद वर्गाचा प्राणी, म्हणजे शंख-गोगलगायींचाच भाऊबंद. पूर्ण वाढलेल्या प्राण्याला शंख नसतो. न्यूडिब्रँकांच्या, म्हणजे उघड्या कल्ल्यांच्या समुद्री गोगलगायींच्या, गणात डोरिड नावाचा मोठा गट आहे, त्यातले फिलिडिडी हे कुल आणि त्यातला फिलिडिया हा वंश. जुन्या पुस्तकांत या सर्वांच्या वर ‘ओपिस्थोब्रँकिया’ असे मोठे नाव दिसेल. ते आता वर्गीकरणात वापरत नाहीत, कारण त्यात कोंबलेले प्राणी एकाच पूर्वजाची सगळी लेकरे नाहीत हे २०१०च्या सुमाराच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले. पुस्तकात ते नाव दिसले तर एवढेच समजा की पुस्तक जुने आहे. चित्रे त्यातलीही उपयोगाचीच असतात.

बहुतेक डोरिडांच्या पाठीच्या मागच्या टोकाला कल्ल्यांचा फुलासारखा गुच्छ असतो. फिलिडियाला तो नाही. तिचे कल्ले अंगाच्या खालच्या बाजूला, पाय आणि वरचे प्रावार (पाठीचे जाड आवरण) यांच्या मधल्या खाचेत, पुस्तकाच्या पानांसारखे एकाला एक लागून असतात. वंशाचे नावच ग्रीकमधल्या ‘पान’ या शब्दावरून आले आहे. पाठ चामड्यासारखी राठ, आत चुन्याच्या बारीक सुयांचे जाळे. हाताला ती गोगलगायीपेक्षा जाड सोललेल्या सालीसारखी लागते.

या कुलाची खरी अडचण तोंडात आहे. गोगलगायींना रॅड्युला नावाची दातांची पट्टी असते. समुद्री गोगलगायींच्या वर्गीकरणाचा दीडशे वर्षांचा डोलारा मोठ्या प्रमाणात या दातांवर उभा आहे: एका ओळीत दात किती, मधला दात आहे की नाही, दाताला दंतुर कडा आहे का. फिलिडियाला दातच नाहीत. ती स्पंजावर तोंड टेकवते, पाचक रसाने त्याचा लगदा करते आणि शोषून घेते. प्राण्याचे यात काही अडत नाही, पण वर्गीकरण करणाऱ्याच्या हातातून त्याचे मुख्य हत्यार निसटते. उरते ते पाठीवरच्या गाठींची ठेवण, घशाच्या भागातल्या ग्रंथींची रचना, आणि रंग. या कुलात रंगाला इतके वजन आले ते असे, नाइलाजाने.

आणि नेमका रंगच टिकत नाही. मद्यार्कात ठेवलेली फिलिडिया मी पुष्कळ हाताळली आहे. पिवळा रंग बघता बघता द्रवात उतरतो, निळसर करडा फिकट मातकट होतो, आणि काळा तेवढा मागे राहतो. बाटलीतून बाहेर काढलेल्या नमुन्यावर काळ्या पट्ट्यांचा नकाशा उरतो, बाकी सगळे पुसलेले. हे लक्षात ठेवून जुन्या नावांकडे पाहिले की त्या लोकांबद्दल आदर वाटतो.

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी १७९७ मध्ये फिलिडिया हा वंश मांडला. लामार्क यांनी १८०१ मध्ये व्हॅरिकोसा हे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचा रोख फुगलेल्या शिरांकडे आहे, आणि पाठीवरचे उंचवटे पाहिले की नाव पटते. १८०४ मध्ये क्यूव्हिए यांनी आणखी काही प्रजातींचे वर्णन केले, त्यांत ट्रायलिनिआटा, ओसेलाटा आणि पुस्टुलोसा ही नावे होती. पुढे ध्यानात आले की ट्रायलिनिआटा म्हणजे व्हॅरिकोसाच. प्राणिनामांच्या नियमांत आधीच्या नावाचा मान पहिला, म्हणून लामार्कचे नाव राहिले आणि क्यूव्हिएचे मागे पडले. १८३१ मध्ये एरेनबर्ग यांनी लाल समुद्रातल्या प्राण्याला अरेबिका म्हटले, तेही आता व्हॅरिकोसातच धरतात. तुमच्या दोन पुस्तकांतली सगळी तफावत काही प्रजातींची नाही. तिच्यातला काही भाग असल्या इतिहासाचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कुलावर सर्वांत जास्त काम केले ते कोपनहेगनच्या रुडॉल्फ बर्ग यांनी. ते पेशाने डॉक्टर होते. फिलिपिन्समधून सेम्पर यांनी आणलेले, आणि नंतर डच ईस्ट इंडीजमधल्या सिबोगा मोहिमेचे नमुने त्यांच्या टेबलावर आले. एलिगन्स हे त्यांनी १८६९ मध्ये दिलेले नाव, सीलेस्टिस १९०५ मधले. सीलेस्टिस म्हणजे आकाशाचा, आकाशी. या सगळ्याला एकत्र घेऊन, जिवंत प्राण्यांचे रंग आणि अंतर्गत रचना शेजारी शेजारी ठेवून, नीट घडी घातली ती डेव्हिड ब्रुन्कहोर्स्ट यांनी १९९३ मध्ये. आजही या कुलाचे काम करणारा माणूस पहिल्यांदा त्याच पुनरावलोकनाकडे जातो. त्यानंतर डीएनएने काही ठिकाणी त्याला दुजोरा दिला आणि काही ठिकाणी ते उसवले. त्याकडे येतोच.

आता रंगाकडे. फिलिडियाचा रंग कोणासाठी आहे, हा प्रश्न आधी विचारायला हवा. ही गोगलगाय दिवसाढवळ्या उघड्यावर, स्पंजावर किंवा खडकावर, सावकाश फिरते. लपत नाही, पळत नाही, शंख नाही. तिचे संरक्षण विषात आहे, आणि ते विष ती स्वतः तयार करत नाही, खाल्लेल्या स्पंजाकडून घेते. १९६३ मध्ये जोहान्स यांनी हवाईतल्या व्हॅरिकोसाबद्दल लिहिले की तिचा चिकट स्राव पाण्यात मिसळला की मासे आणि कवचधारी प्राणी मरतात, आणि त्या स्रावाला उग्र वास येतो. १९७५ मध्ये हवाईतल्याच पॉल शॉयर यांच्या प्रयोगशाळेने त्यातले द्रव्य वेगळे काढले. ते आयसोसायनाइड जातीचे निघाले, आणि ती गोगलगाय ज्या स्पंजावर चरत होती त्याच स्पंजात ते मिळाले. ओआहू बेटावरच्या पुपुकेआ या ठिकाणावरून त्याला ९-आयसोसायनोपुपुकेअनेन असे लांबलचक नाव मिळाले.

म्हणजे पाठीवरचा काळा, निळा आणि पिवळा ही माशांसाठी लावलेली पाटी आहे: मला तोंड लावू नका. एकदा चावून थुंकलेला मासा ती पाटी लक्षात ठेवतो. आता विचार करा, त्याच भिंतीवर तीन विषारी प्रजाती राहत असतील आणि तिघींनी तीन निराळ्या पाट्या लावल्या, तर माशाला तीनदा चावून शिकावे लागेल आणि तिघींतल्या काही जणी जिवाला मुकतील. पाटी एकच असली तर एकीच्या बळीवर तिघींचे भागते. फ्रिट्झ म्युलर यांनी १८७०च्या दशकात फुलपाखरांवरून हा विचार मांडला. फिलिडियाच्या कुलात काळा-निळा-पिवळा किंवा काळा-गुलाबी असे मोजकेच रंगमेळ पुन्हा पुन्हा दिसतात, याचे सर्वांत समाधानकारक कारण मला तेच वाटते.

इथे माझे सगळे म्हणणे एका वाक्यात येते. पाठ माशांना दाखवण्यासाठी आहे, म्हणून वेगवेगळ्या प्रजातींच्या पाठी एकमेकींसारख्या होत जातात. पोटाची बाजू कुणीच पाहत नाही, म्हणून तिथल्या खुणा आपापल्या वंशरेषेप्रमाणे राहतात. ओळख पटवायला आपण मात्र हौसेने फोटो काढतो तो पाठीचा, म्हणजे नेमका त्या जागेचा जिथे निसर्गाने फरक पुसायचे काम केले आहे.

तर पोटाची बाजू. व्हॅरिकोसाच्या तळव्यावर, अगदी मध्यभागी, लांबीच्या दिशेने काळी रेघ असते. सीलेस्टिसच्या तळव्यावर ती नसते. पाठीवरून या दोघी इतक्या सारख्या दिसतात की मीही पाठीच्या फोटोवरून चुकलो आहे, आणि तेही उमेदवारीच्या काळात नव्हे. तळवा पाहिला की मिनिटात निकाल लागतो. तुमच्या पहिल्या प्राण्याचा एक फोटो तुम्ही कडेवरून वळताना टिपला आहे. त्यात पायाचा खालचा भाग अर्धवट उलटला आहे आणि काळी रेघ स्वच्छ दिसते. आठ सेंटिमीटरची लांबी, पाच सलग उंचवटे, डोक्याकडची पिवळी शिंगे आणि ही रेघ, एवढे जुळल्यावर ती फिलिडिया व्हॅरिकोसाच. या प्रजातीची लांबी साडेअकरा सेंटिमीटरपर्यंत नोंदलेली आहे, त्यामुळे तुमची काही राक्षसी नव्हे.

मात्र ‘रेघ दिसली की व्हॅरिकोसा’ असा नियम पाठ करू नका. तुमची तिसरी गोगलगाय म्हणजे फिलिडिया एलिगन्स, आणि एलिगन्सच्या तळव्यावरही काळी रेघ असते. तिला ओळखायचे ते पाठीवरून: गुलाबीसर करड्या गाठी सुट्या सुट्या, मधल्या गाठींच्या टोकांना पिवळा रंग, त्यांच्यामधून फिरणाऱ्या काळ्या रेषा, आणि सलग उंचवट्यांचा अभाव. म्हणजे एकटी पाठ फसवते आणि एकटा तळवाही पुरत नाही. रेघेने सीलेस्टिस बाजूला निघते, गाठींच्या ठेवणीने एलिगन्स. शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत सांगायचे तर व्हॅरिकोसाची पाठ म्हणजे सरी-वरंब्याचे रान: निळसर करडे वरंबे सलग जातात, मधल्या सऱ्या काळ्या, आणि वरंब्यांवर पिवळ्या टोकांच्या गाठी ओळीने. एलिगन्समध्ये वरंबे नाहीत, ढेकळे आहेत.

चौथा फोटो पाहून मला आनंद झाला, कारण हा प्राणी पुष्कळ जणांच्या अल्बममध्ये ‘फिलिडिया’ या नावाखाली वर्षानुवर्षे पडून असतो. ते समुद्रकाकडीचे पिल्लू आहे, पीअरसनोथुरिया ग्रेफाय. मोठेपणी ती हातभर लांब, तपकिरी ठिपक्यांची आणि अगदी निराळी दिसते. पिल्लूपणी मात्र पांढरट निळे अंग, काळ्या रेघा आणि पिवळी टोके घेऊन फिलिडियासारखी दिसते. फरक बघायचा तो डोक्याकडे. फिलिडियाच्या पाठीवर पुढच्या बाजूला ऱ्हायनोफोर नावाची दोन शिंगे असतात, पाण्यातला वास घेणारी. त्यांवर बारीक आडव्या घड्या असतात आणि धक्का लागताच ती आत ओढली जातात. तुमच्या फोटोत ती नाहीत. शिवाय पिवळी टोके गाठींसारखी गोल नसून काट्यांसारखी बाहेर आली आहेत. याच तऱ्हेने स्यूडोसेरॉस इमिटेटस नावाचा चपटा कृमी फिलिडिएला पुस्टुलोसासारखा दिसतो (क्यूव्हिएची पुस्टुलोसा आता याच कुलातल्या फिलिडिएला या वंशात धरतात). १९९४ मध्ये त्याचे वर्णन करताना त्याला नावच ‘नक्कल करणारा’ असे दिले गेले. म्हणजे आपण ज्या रंगमेळावरून प्रजाती ओळखू पाहतो, तो रंगमेळ गोगलगायींच्या बाहेरच्या प्राण्यांनीही उचलला आहे.

शिंगांवरून आठवले. शिंगांचा रंग ही पाण्याखाली झटकन पाहता येणारी फार उपयोगी खूण आहे. व्हॅरिकोसा, सीलेस्टिस, एलिगन्स आणि ओसेलाटा, या फिलिडियांची शिंगे पिवळी. पुस्टुलोसासारख्या फिलिडिएलांची शिंगे काळी. अंधूक पाण्यात पाठीची नक्षी नीट दिसत नसली तरी शिंगे पिवळी की काळी एवढे कळले तर वंशाचा अंदाज येतो. तोंडाजवळच्या दोन लहान स्पर्शिका एकमेकींपासून सुट्या आहेत की जुळलेल्या, हेही बघावे. जुळलेल्या असल्या तर याच कुलातल्या फिलिडिऑप्सिस या वंशाचा विचार करायचा. गुदद्वार कुठे आहे, यावरून तर एक अख्खा वंश उभा राहिला आणि पडला: फिलिडियात ते पाठीवर मागच्या बाजूला असते, ज्यांच्यात ते खाली, पाय आणि प्रावार यांच्या मध्ये होते त्यांना ‘फ्रायेरिया’ म्हणत. १९९९ मध्ये वाल्देस आणि गॉस्लिनर यांनी दात नसलेल्या डोरिडांचा वंशवृक्ष मांडला, तेव्हा फ्रायेरिया फिलिडियातच विलीन झाला.

एकाच प्रजातीत रंग किती बदलू शकतो, हा तुमचा दुसरा प्रश्न. व्हॅरिकोसापुरते बोलायचे तर बदल होतो, पण मर्यादेत. उंचवटे तीनपासून सहापर्यंत असतात, आणि लहान प्राण्यांत कमी, मोठ्यांत जास्त असा कल असतो. काहींत उंचवटे मध्येच तुटतात आणि काळा रंग आडवा घुसतो. पिवळा कधी फिकट लिंबासारखा, कधी नारिंगीकडे झुकलेला. करडा कधी जवळजवळ पांढरा, कधी गडद निळसर. पण वरंबे, सऱ्या आणि पिवळी टोके ही मूळ आखणी सुटत नाही.

उलट ओसेलाटा बघा. नावाचा अर्थ डोळ्यांची. सोनेरी पिवळ्या पाठीवर काळी वर्तुळे, त्यांना पांढऱ्या कडा, आत गाठ, असे तिचे नेहमीचे रूप. पण वर्तुळांऐवजी पट्टे असलेले, काळा जवळजवळ नसलेले, पांढऱ्या गाठींचे प्रमाण खूप वाढलेले असे प्राणी सापडतात, आणि ते शेजारी ठेवले तर नवख्याला कधीच एक वाटणार नाहीत. जपानमधून बाबा यांनी १९३७ मध्ये वर्णन केलेली फिलिडिया जापोनिका पुढे ओसेलाटातच धरली गेली ती यामुळेच. एकाच वंशात एक प्रजाती आखणी घट्ट धरून आहे आणि दुसरी ती सैल सोडते. म्हणून ‘फिलिडियात रंग भरवशाचा आहे का?’ याला एक उत्तर नाही. प्रजातीगणिक विचारावे लागते.

पुस्टुलोसाची गोष्ट तिसरीच. काळ्या पाठीवर गुलाबी किंवा हिरवट गाठींचे पुंजके, काळी शिंगे, आणि हिंद-प्रशांत महासागरात जिथे प्रवाळ तिथे ही. सर्वांना वाटे की ओळखायला याहून सोपी गोगलगाय नाही. डीएनए तपासायला लागल्यावर या एका नावाखाली एकमेकींपासून बऱ्याच दूर गेलेल्या अनेक वंशरेषा सापडल्या. रंग जवळजवळ सारखा, आणि आत वेगवेगळ्या प्रजाती. त्यातल्या कोणत्या रेषेला क्यूव्हिएचे १८०४ चे नाव द्यायचे हा प्रश्न फार अवघड आहे. नाव वर्णनाला चिकटलेले नसते, मूळ नमुन्याला चिकटलेले असते, आणि दोनशे वर्षे मद्यार्कात राहिलेल्या नमुन्याचा रंगही गेलेला असतो आणि डीएनएचेही तुकडे झालेले असतात.

हा प्रकार फक्त या कुलापुरता नाही. २०१२ मध्ये जॉन्सन आणि गॉस्लिनर यांनी क्रोमोडोरिड या डोरिडांच्याच दुसऱ्या कुलाचा वंशवृक्ष पुन्हा मांडला, आणि क्रोमोडोरिस म्हणून ओळखलेल्या कितीतरी प्रजाती गोनिओब्रँकस आणि फेलिमिडा या वंशांत गेल्या. तुमच्या जुन्या पुस्तकातली नावे नव्या पुस्तकात सापडत नसतील तर बहुधा हेच कारण. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिप्सेलोडोरिस या एकाच वंशात १७ नव्या प्रजातींचे वर्णन केले. त्यातली हिप्सेलोडोरिस आयबा दोन रंगांत येते, एक जांभळट आणि एक दुधाळ. दोन्ही रंगांच्या गोगलगायींचा समागम पाण्याखाली टिपला गेला, आणि डीएनएने ती एकच प्रजाती असल्याचे सांगितले. म्हणजे दोन्ही दिशांनी चूक होऊ शकते: एकसारख्या दिसणाऱ्या दोन असू शकतात, आणि वेगळ्या दिसणाऱ्या एक.

तुम्ही विचारले आहे की मग सरळ डीएनएच का करू नये. साधारण साडेसहाशे अक्षरांचा सीओआय जनुकाचा तुकडा वाचतात, त्यालाच बारकोड म्हणतात. तो फार कामाचा आहे, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, हे जनुक पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात असते आणि आईकडूनच येते, त्यामुळे जुना संकर झाला असेल तर ते दिशाभूल करते. केंद्रकातले एखादे जनुक सोबत लागते. दुसरे, बारकोड ज्या संग्रहाशी ताडून पाहतात त्यातल्या नोंदीला आधी कुणीतरी नाव दिलेले असते, आणि ते नाव पुष्कळदा पाठीच्या फोटोवरूनच दिलेले असते. चुकीच्या नावाची नोंद संग्रहात गेली की पुढचे सगळे तीच चूक पुढे नेतात. म्हणून मी म्हणतो की ऊतीचा तुकडा घेण्याआधी जिवंत प्राण्याचे चारही बाजूंनी फोटो हवेत. फोटो नसलेला बारकोड म्हणजे पत्ता नसलेले पाकीट.

तुमच्या फोटोंतल्या रंगाविषयी थोडे. पाण्यात तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो, पाच-दहा मीटरमध्येच त्याचा बराचसा भाग जातो. तुमचे पहिल्या दिवसाचे फोटो नैसर्गिक उजेडातले आहेत आणि दुसऱ्या दिवशीचे फ्लॅशने काढलेले. पहिल्या दिवशीची पाठ हिरवट दिसते आणि दुसऱ्या दिवशीची निळसर पांढरी, तो फरक प्राण्याचा नाही, उजेडाचा आहे. गुलाबी रंग तर फ्लॅशशिवाय करडाच दिसेल, म्हणजे एलिगन्सची मोठी खूण त्या उजेडात हरवते. जवळून पडलेल्या फ्लॅशने फिकट करडा रंग जळून पांढरा होतो हेही विसरू नका. रंगाची तुलना करायची तर एकाच दिव्यात, एकाच अंतरावरून काढलेल्या फोटोंची करावी. मी फ्रेमच्या कडेला करड्या रंगाची प्लॅस्टिकची पट्टी ठेवतो, तिच्यावरच मिलिमीटरच्या खुणा आहेत. रंग आणि माप दोन्ही एकदम मिळतात.

तळव्याचा फोटो कसा काढायचा? गोगलगाय खडकावरून ओरबाडून काढू नका. तिचा पाय घट्ट चिकटलेला असतो आणि ओढाताणीत फाटतो. ती कपारीच्या छताला किंवा उभ्या कडेला असेल तेव्हा खालून तिरका कोन घेतला तर रेघ बऱ्याचदा दिसते. ती वळण घेताना, एका खडकावरून दुसऱ्यावर जाताना, अंगाचा पुढचा भाग उचलते. तेवढी दहा सेकंदे थांबायची तयारी ठेवा. परवानगी घेऊन अभ्यास करत असाल तर पारदर्शक काचेचा छोटा तुकडा तिच्या वाटेत ठेवावा. ती आपणहून त्यावर चढते, काचेच्या खालून फोटो काढायचा, आणि ती उतरेपर्यंत काच हलवायची नाही.

पेटीत किंवा बादलीत मात्र दुसऱ्या कुठल्याही प्राण्याबरोबर तिला कधीही ठेवू नका. सुरुवातीच्या एका मोहिमेत मी एका व्हॅरिकोसाबरोबर दोन लहान मासे आणि एक खेकडा एकाच भांड्यात ठेवला. किनाऱ्यावर येईपर्यंत तिघेही मेलेले होते, आणि पाण्याला तो उग्र, नाकात जाणारा वास येत होता. जोहान्स यांचा १९६३ चा लेख मी वाचला होता, तरी मला ते माझ्या हातून घडेल असे वाटले नव्हते. ते तीन जीव माझ्या निष्काळजीपणाने गेले. याच कारणाने घरच्या मत्स्यालयात फिलिडिया ठेवू नये असे मी ठामपणे सांगतो. तिला ठरावीक स्पंजच लागतो, तो मिळाला नाही तर ती महिनोन्‌महिने खंगत जाते, आणि मरताना टाकीतल्या बाकीच्यांनाही घेऊन जाते.

स्पंजाची नोंद मात्र अवश्य करा. ती कशावर बसली होती, त्या स्पंजाचा रंग कोणता, तो पसरट की फांद्यांचा, त्यावर चरल्याचा खड्डा दिसतो का. ओसेलाटा आणि पुस्टुलोसा अकँथेला या वंशाच्या स्पंजावर चरताना सापडतात. सारख्या दिसणाऱ्या वंशरेषा वेगवेगळ्या स्पंजांवर चरत असतील, तर ते त्यांच्या वेगळेपणाचे रंगापेक्षा कितीतरी चांगले कारण ठरेल. पण त्यासाठी भरपूर नोंदी लागतात, आणि गोगलगायीचा फोटो काढताना स्पंज फ्रेमबाहेर ठेवायची आपल्या सर्वांना सवय असते. तुमच्या चारपैकी तीन फोटोंत खालचा स्पंज कापला गेला आहे.

आता राहिली दुसरी, साडेतीन सेंटिमीटरची. तुम्ही तिला व्हॅरिकोसाचे पिल्लू समजलात, आणि तो तर्क वाईट नाही, कारण लहान व्हॅरिकोसाला तीनच उंचवटे असू शकतात. मी तिला सीलेस्टिस म्हणतो आहे. तीन रुंद उंचवटे, त्यांवरच्या गाठी तिच्या अंगाच्या मानाने मोठ्या, आणि सीलेस्टिस मुळातच लहान, सहा सेंटिमीटरच्या आसपास थांबणारी. शिवाय तुम्ही काढलेल्या तिच्या तिसऱ्या फोटोत पायाची उजवी कड वर आली आहे आणि तिथे एकसंध फिकट करडा रंग दिसतो. पण रेघ असते ती मध्यभागी, आणि मध्य त्या फोटोत सावलीत आहे. तिथे काळी रेघ असेल तर माझे नाव चुकले आणि तुमचे बरोबर. मूळ फाइल तुमच्याकडे असेल तर सावलीचा भाग उजळ करून पाहा. नाहीतर तीच भिंत, तीच खोली, आणि तोच स्पंज सापडला तर ती त्याच्या जवळपास पुन्हा भेटण्याची चांगली शक्यता आहे. या गोगलगायी फार लांब जात नाहीत. तेव्हा पाठीचे फोटो पुरेसे झाले आहेत, फक्त तळव्याचा एक आणा.